छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस : मुंबईतील एकोणिसाव्या शतकातील एक भव्य रेल्वेस्थानक, मध्य रेल्वेचे मुख्य कार्यालय व जागतिक वारसा यादीत अंतर्भूत असलेली वास्तू. पूर्वीचे नाव व्हिक्टोरिया टर्मिनस, संक्षेपाने ‘व्ही. टी.’. दक्षिण मुंबईत, डॉ. दादाभाई नवरोजी मार्गाच्या पूर्वेस व बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या इमारतीसमोर ही वास्तू उभी आहे. ब्रिटिश वास्तुशिल्पज्ञ फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स (१८४७–१९००) याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जी. आय. पी.) रेल्वे कंपनीसाठी तिचा आराखडा तयार केला. १८७८ मध्ये सुरू झालेले बांधकाम १८८८ मध्ये पुरे झाले. इंग्लंडमधील पुनरुज्जीवित गॉथिक शैली आणि भारतीय वास्तुपरंपरा यांचा येथे झालेला संयोग हा तिचा विशेष मानला जातो. प्राचीन मंदिरे, लेणी वा किल्ले यांप्रमाणे ती मूळ उपयोगापासून अलग झालेली नाही. ज्या कामासाठी ती बांधली गेली, तेच काम ती आजही करते आणि तिचे महत्त्व व तिच्या जतनाचे प्रश्न या दोहोंचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

स्थळ व पूर्वेतिहास : स्थानकाचा परिसर पूर्वी बोरीबंदर या नावाने ओळखला जात असे. पूर्वेकडील समुद्रकिनाऱ्यावरील ज्या धक्क्यावर मालाच्या बोऱ्या म्हणजे पोती उतरविली जात, त्यावरून हे नाव पडले, अशी त्याची व्युत्पत्ती देण्यात येते. ज्या देवतेवरून मुंबई हे नाव आले, त्या मुंबादेवीचे जुने देऊळ याच परिसरात होते, असेही परंपरा सांगते. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ही जागा मुंबईच्या कोटाला लागून होती. कोटाबाहेर सैनिकी हेतूने मोकळे ठेवलेले मैदान, त्यापलीकडे एतद्देशीयांची दाट वस्ती आणि पूर्वेस बंदर, अशी तिची स्थिती होती. कोट, वस्ती व बंदर या तिहींच्या संधिस्थानी असलेली ही जागा लोहमार्गाच्या प्रारंभस्थानासाठी स्वाभाविकपणेच सोयीची ठरली.

मुंबईत लोहमार्ग आणण्याच्या हालचाली १८४० नंतरच्या दशकात सुरू झाल्या. मुंबईतील व्यापारी व नागरिक यांनी १८४५ मध्ये त्यासाठी एक मंडळ स्थापन केले. त्यात नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट (१८०३–६५) व सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनी पुढाकार घेतला होता. ब्रिटिश संसदेच्या अधिनियमान्वये १ ऑगस्ट १८४९ रोजी जी. आय. पी. रेल्वे कंपनीला मान्यता मिळाली. कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली होती. त्यामुळे भागधारकांना तोट्याची फारशी भीती उरली नाही. हमीचा भार मात्र अखेरीस भारतीय महसुलावर पडला. जेम्स जॉन बर्कली या मुख्य अभियंत्याच्या देखरेखीखाली १८५० मध्ये काम सुरू झाले.

भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदर येथून ठाण्याकडे निघाली. चौदा डब्यांच्या त्या गाडीत सु. ४०० निमंत्रित होते आणि ‘साहिब’, ‘सिंध’ व ‘सुलतान’ अशी नावे असलेली तीन एंजिने तिला जोडली होती. एकवीस तोफांची सलामी घेऊन निघालेल्या या गाडीने सु. ३४ किमी.चे अंतर सव्वा तासाच्या आत तोडले. त्या वेळचे बोरीबंदर स्थानक म्हणजे एक साधी, मुख्यतः लाकडी बांधणीची इमारत होती. पुढे पाव शतकाहून अधिक काळ मुंबईची वाढती वाहतूक या साध्या स्थानकानेच सांभाळली.

नव्या वास्तूची आवश्यकता : बोरीबंदरचे स्थानक अपुरे पडू लागण्यामागे तीन प्रमुख कारणे होती. पहिले कारण लोहमार्गाच्या विस्ताराचे होते. १८५४ मध्ये मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. परंतु त्यापुढे सह्याद्रीची भिंत होती. बोरघाटातील चढण सु. २५ किमी. लांबीची असून तीत सु. ५५८ मी. उंची गाठावयाची होती. त्यासाठी पंचवीस बोगदे व अनेक पूल बांधावे लागले. १८६१ च्या सुमारास या कामावर ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकी व इतर रोगांनी आणि अपघातांनी त्यांपैकी हजारो मृत्युमुखी पडले. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये, तर थळघाटाचा १८६५ मध्ये खुला झाला. त्यामुळे दख्खन, खानदेश व वऱ्हाड हे प्रदेश मुंबई बंदराशी थेट जोडले गेले. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता लोहमार्ग पूर्ण झाला.

दुसरे कारण कापसाच्या व्यापाराचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस लँकाशरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला व भारतीय कापसाला अपूर्व मागणी आली. मुंबईत पैशाचा पूर लोटला. युद्ध संपताच १८६५ मध्ये अनेक पेढ्या व बँका बुडाल्या. तथापि त्या तेजीत शहराने घेतलेले नवे रूप टिकून राहिले. सुएझ कालव्याने (१८६९) यूरोपचा सागरी मार्ग जवळ आणला आणि मुंबई हे यूरोपातून येणाऱ्या प्रवाशांचे भारतातील प्रमुख प्रवेशद्वार बनले. बोटीने आलेला प्रवासी येथूनच आगगाडीने देशाच्या अंतर्भागात जाऊ लागला.

तिसरे कारण नगररचनेचे होते. गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) याच्या काळात मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची मालिका उभी राहू लागली. सचिवालय, विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, राजाबाई मनोरा व उच्च न्यायालय या इमारती १८७० नंतरच्या दशकात पूर्ण झाल्या. त्या सर्व गॉथिक शैलीत होत्या. नव्या मुंबईच्या या दर्शनी पंक्तीत रेल्वे कंपनीलाही आपले स्थान हवे होते. कंपनीला केवळ फलाट व तिकीटघर नको होते. कारभाराची सर्व कार्यालये सामावून घेणारी आणि कंपनीची प्रतिष्ठा प्रकट करणारी इमारत हवी होती.

आराखडा व बांधणी : स्टीव्हन्सचा जन्म इंग्लंडमधील बाथ येथे झाला. १८६७ मध्ये तो मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात दाखल झाला. अपोलो बंदराजवळील ‘रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम’ या खलाशांच्या निवासगृहाच्या इमारतीमुळे त्याचे नाव झाले. मुंबई राज्याच्या व पुढे महाराष्ट्राच्या विधिमंडळाने बरीच वर्षे वापरलेली ही इमारत नंतर राज्य पोलीस दलाचे मुख्यालय झाली. १८७७ च्या सुमारास स्टीव्हन्सच्या सेवा जी. आय. पी. रेल्वेकडे सोपविण्यात आल्या. कामास हात घालण्यापूर्वी त्याने सु. दहा महिने यूरोपचा दौरा करून तेथील प्रमुख रेल्वेस्थानकांचा अभ्यास केला. नियोजित वास्तूचे जलरंगातील एक चित्र ॲक्सेल हेग या कुशल चित्रकाराकडून १८७८ मध्ये तयार करवून घेण्यात आले. लंडनमधील सेंट पँक्रस स्थानकाशी या वास्तूची तुलना नेहमी केली जाते. तेथे दर्शनी भागात सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने गॉथिक शैलीतील उपाहारनिवास बांधला होता, तर मुंबईत दर्शनी भागात कंपनीची कार्यालये आली. प्रेरणा समान असली, तरी घुमट, मांडणी व अलंकरण या बाबतींत मुंबईची वास्तू स्वतंत्र आहे.

प्रत्यक्ष बांधकाम मे १८७८ मध्ये सुरू झाले. प्रवाशांसाठी फलाटांचा भाग १ जानेवारी १८८२ पासून वापरात आला; कार्यालयांची मुख्य इमारत पूर्ण होण्यास मात्र १८८८ साल उजाडले. दरम्यान १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव साजरा झाला, त्या निमित्ताने स्थानकास ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आले. मुख्य इमारतीचा खर्च सु. १६.१४ लाख रु. झाला. आराखडा स्टीव्हन्सचा असला, तरी दहा वर्षांच्या या कामात त्याला सीताराम खंडेराव व माधवराव जनार्दन या भारतीय सहकाऱ्यांचे मोठे साहाय्य झाले. पाथरवट, गवंडी, सुतार व लोहार हे कारागीरही भारतीयच होते. त्यांची नावे इमारतीवर कोठे कोरलेली नाहीत. त्यांच्या कौशल्याचा पुरावा मात्र तिच्या प्रत्येक कमानीवर व स्तंभशीर्षावर आढळतो.

या वास्तूने स्टीव्हन्सला कीर्ती मिळवून दिली. १८८४ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्याने स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. समोरची महानगरपालिकेची इमारत (१८९३) व चर्चगेट येथील बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे मुख्य कार्यालय (१८९९) या त्याच्याच कृती होत. १९०० मध्ये त्याचे मुंबईतच निधन झाले.

वास्तुरचना : इमारतीचा तलविन्यास इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखा असून तो पूर्व-पश्चिम अक्षाशी समतोल साधतो. मधला मुख्य भाग व त्यापासून रस्त्याच्या दिशेने पुढे आलेले दोन पंख यांच्यामध्ये एक प्रांगण सामावले आहे. ते पश्चिमेस रस्त्याकडे खुले होते. पंखांच्या चारही कोपऱ्यांवर बुरूजवजा मनोरे असून ते मधल्या घुमटाला चौकट पुरवितात. प्रांगणासह असलेली ही मांडणी, मनोरे, घुमट व टोकदार कमानी यांमुळे इमारतीचे एकूण रूप भारतीय राजवाड्यांच्या रचनेशी जवळीक साधते. मध्ययुगाच्या उत्तरार्धातील इटलीमधील गॉथिक इमारती हा तिच्या शैलीचा मूळ आदर्श होता.

मध्यवर्ती घुमट हा संपूर्ण रचनेचा केंद्रबिंदू होय. तो अष्टकोनी असून दगडी बांधणीचा आहे. त्याच्या फासळ्या एकमेकींत खाचा पाडून गुंतविलेल्या आहेत. इटालियन गॉथिक धाटणीच्या इमारतीवर असा अष्टकोनी व फासळीयुक्त दगडी घुमट प्रथम येथेच बसविण्यात आला, असे सांगितले जाते. घुमटाखाली मुख्य जिना आहे. जिन्याच्या पायऱ्यांचे एक टोक भिंतीत घट्ट रुतविलेले असून दुसरे टोक आधाराविना पुढे आलेले आहे. त्यामुळे जिन्याखाली खांबांची दाटी न होता तळमजल्यावरून थेट घुमटाच्या अंतर्भागापर्यंत दृष्टी पोहोचते. घुमटाच्या खालच्या भागातील दोन स्तरांच्या खिडक्यांना रंगीत काचा बसविलेल्या आहेत. त्यांतून आत येणारा प्रकाश दगडावर पडून जिन्याच्या उंच अवकाशाला गांभीर्य प्राप्त करून देतो.

उत्तरेकडील पंखाच्या तळमजल्यावरील तिकीटघर ‘स्टार चेंबर’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या गडद निळ्या छतावर मूळ सोनेरी तारे रंगविलेले होते, त्यावरून हे नाव पडले. टोकदार कमानी, झिलईदार खांब, इटालियन संगमरवर, घासून चकचकीत केलेला भारतीय निळसर दगड आणि भिंतींवर बसविलेल्या विलायती चकाकणाऱ्या फरशा यांनी हे दालन सजविलेले आहे. एखाद्या प्रार्थनामंदिराची आठवण करून देणाऱ्या या दालनात उपनगरी गाड्यांच्या तिकिटांसाठी रांगा लागतात.

मुख्य बांधकामासाठी वालुकाश्म व चुनखडक यांचा उपयोग केला असून निवडक अलंकरणासाठी इटालियन संगमरवर वापरला आहे. वेगवेगळ्या रंगछटांचे दगड शेजारी शेजारी योजल्यामुळे रंग न देताही इमारतीस बहुरंगी रूप आले आहे. सलग सज्जे व कमानींमागील खुले मार्ग (व्हरांडे) केवळ शोभेसाठी नाहीत. मुंबईतील कडक ऊन व मुसळधार पाऊस यांपासून आतील दालनांचा बचाव व्हावा आणि समुद्रावरून येणारे वारे खेळते राहावेत, हा त्यांचा हेतू होय. यूरोपातील गॉथिक शैली मुंबईत रुजताना हवामानाप्रमाणे कशी बदलली, याचे हे सज्जे चांगले उदाहरण आहेत.

शिल्पांकन व अलंकरण : घुमटाच्या शिखरावर ‘प्रगती’चे प्रतीक असलेली एक भव्य स्त्रीमूर्ती आहे. तिची उंची सु. ५ मी. असून उजव्या हातात उंचावलेली मशाल व डाव्या हातात आऱ्यांचे चाक आहे. प्रवेशद्वाराच्या दोन स्तंभांवर ग्रेट ब्रिटनचे प्रतीक म्हणून सिंह आणि भारताचे प्रतीक म्हणून वाघ बसविलेला आहे. ही शिल्पे टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची आहेत. व्यापार, कृषी, अभियांत्रिकी व विज्ञान यांची प्रतीकरूप शिल्पेही दर्शनी भागावर आढळतात. दर्शनी भागावरील मोठ्या घड्याळाचा व्यास सु. ३.२ मी. आहे. त्याखालील कोनाड्यात पूर्वी राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता. स्वातंत्र्योत्तर काळात तो हलविण्यात आला व कोनाडा तसाच रिकामा राहिला.

दर्शनी भागावरील गोलाकार चौकटींत कंपनीशी संबंधित व्यक्तींचे अर्धपुतळे कोरलेले आहेत. ब्रिटिश संचालकांच्या जोडीने नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई यांच्या प्रतिमाही त्यांत आहेत. भारतातील विविध जातिजमातींचे प्रातिनिधिक चेहरे त्यांच्या वैशिष्ट्यपूर्ण पागोट्यांसह कोरलेले आढळतात. वसाहतवादी राज्यकर्त्यांना प्रजेचे वर्गीकरण करण्याची जी हौस होती, तिचे प्रतिबिंब या चेहऱ्यांत दिसते. त्याच वेळी, इमारतीतून जाणाऱ्या गर्दीची दखल इमारतीनेच घ्यावी, असाही एक परिणाम त्यांतून साधला गेला आहे.

बारीक नक्षीकामाचा फार मोठा भाग मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स याच्या मार्गदर्शनाखाली पूर्ण केला. हाच ग्रिफिथ्स पुढे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींमुळे प्रसिद्धीस आला. दगडी पाने-फुले, वेलबुट्ट्या, मोर, माकडे व इतर पशुपक्षी, पावसाचे पाणी दूर फेकणाऱ्या पशुमुखाकृती पन्हळी, लोखंडी व पितळी जाळीकाम यांत या विद्यार्थ्यांचे हस्तकौशल्य दिसून येते. गॉथिक परंपरेत अशा अलंकरणासाठी यूरोपातील वनस्पती व प्राणी योजले जात. येथे त्यांची जागा बऱ्याच ठिकाणी भारतीय वनस्पती व प्राणी यांनी घेतली. परकीय शैलीचा भारतीय वास्तुपरंपरेशी घडून आलेला मेळ केवळ आराखड्यात नव्हता. तो मुख्यतः या हातांमधून उतरला.

विस्तार व विद्युतीकरण : विसाव्या शतकाच्या प्रारंभी मुंबईतील गिरण्या, गोद्या व कार्यालये यांच्या वाढीबरोबर शहराची वस्ती उत्तरेकडे पसरू लागली. लांब पल्ल्याच्या गाड्यांचे स्थानक म्हणून कल्पिलेल्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर दररोज कामासाठी ये-जा करणाऱ्या उपनगरी प्रवाशांचा भार पडू लागला. भारतातील पहिली विद्युत् आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी याच स्थानकातून हार्बर मार्गाने कुर्ल्याकडे गेली. तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याच्या हस्ते तिचा प्रारंभ झाला. त्यासाठी १,५०० व्होल्ट दाबाचा एकदिश विद्युत् प्रवाह वापरण्यात आला होता. ही पद्धती नव्वद वर्षे टिकली. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहात तिचे रूपांतर करण्याचे काम २०१६ मध्ये पूर्ण झाले. त्याच वर्षी, १ जुलै १९२५ रोजी, जी. आय. पी. रेल्वेचा कारभार कंपनीकडून सरकारने आपल्याकडे घेतला; म्हणजे विद्युत् गाडीचा प्रारंभ व कंपनी-राजवटीचा शेवट या दोन्ही घटना १९२५ सालीच घडल्या.

१९२९ मध्ये स्थानकाचा मोठा विस्तार करण्यात आला. जुन्या इमारतीच्या पूर्वेस लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी स्वतंत्र भाग बांधण्यात येऊन फलाटांची संख्या तेरा झाली. मूळ वास्तूत बदल करण्याऐवजी नवा भाग बाजूस बांधण्याचा हा निर्णय तिच्या दृष्टीने हितकारक ठरला. मुंबई व पुणे यांना जोडणारी ‘दख्खनची राणी’ ही गाडी १ जून १९३० पासून सुरू झाली. १९९४ मध्ये फलाटांची संख्या पंधरा झाली व पुढे ती अठरावर गेली. त्यांपैकी सात फलाट उपनगरी व अकरा लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी आहेत.

स्वातंत्र्योत्तर काळ : जी. आय. पी. रेल्वेबरोबर निजाम, शिंदे व धोलपूर या संस्थानांच्या रेल्वे एकत्र करून ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेची स्थापना झाली. तिचे मुख्य कार्यालय याच इमारतीत राहिले. मार्च १९९६ मध्ये स्थानकास ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ हे नाव देण्यात आले व २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ या शब्दाची भर पडली. बोरीबंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही तीन नावे म्हणजे एका अर्थी या जागेच्या इतिहासाचे तीन कालखंड होत. पहिले नाव मालाच्या चढउताराचे, दुसरे साम्राज्यसत्तेचे, तर तिसरे महाराष्ट्राच्या अस्मितेचे निदर्शक आहे. बोलण्यात मात्र ‘व्ही. टी.’ हे संक्षिप्त रूप अजूनही ऐकू येते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात या स्थानकाला मोठी झळ पोहोचली. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षागृहात दोघा हल्लेखोरांनी गोळीबार केला व हातबाँब फेकले. त्यात ५८ जण मृत्युमुखी पडले व शंभराहून अधिक जखमी झाले. गावी जाणारे प्रवासी, मजूर, कुटुंबे व रेल्वे कर्मचारी यांचा त्यांत समावेश होता. एका रेल्वे उद्‌घोषकाने ध्वनिक्षेपकावरून सतत सूचना देऊन अनेक प्रवाशांना सुरक्षित मार्गाने बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी स्थानकातून गाड्या पुन्हा धावू लागल्या.

वारसा व जतन : मुंबई महानगरासाठी १९९५ मध्ये वारसा-नियमावली लागू झाली. तीत या वास्तूचा पहिल्या श्रेणीत समावेश आहे. या श्रेणीतील वास्तूंच्या मूळ रूपात जतनाच्या गरजेपलीकडे बदल करता येत नाहीत. २ जुलै २००४ रोजी ‘युनेस्को’ या संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेच्या जागतिक वारसा समितीने चीनमधील सूजो येथील अधिवेशनात तिचा जागतिक वारसा यादीत अंतर्भाव केला. त्यासाठी दोन निकष मान्य करण्यात आले : व्हिक्टोरियाकालीन इटालियन गॉथिक पुनरुज्जीवन व भारतीय पारंपरिक वास्तुकला यांमधील प्रभावांची महत्त्वपूर्ण देवाणघेवाण हा एक, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रेल्वे-वास्तुकलेचा, प्रगत संरचनात्मक व तांत्रिक उपायांसह, एक श्रेष्ठ नमुना असणे हा दुसरा. संरक्षित वास्तुक्षेत्र २.८५ हेक्टर असून त्याभोवती सु. ९० हेक्टरांचे संरक्षक क्षेत्र आखलेले आहे.

या वास्तूच्या जतनातील अडचणी दोन प्रकारच्या आहेत. काही अडचणी निसर्गाच्या व परिसराच्या आहेत. बंदर जवळ असल्याने हवेतील क्षार दगडाच्या रंध्रांत शिरतात व पृष्ठभाग झिजवितात. पावसाळ्यातील ओल सांध्यांत मुरते, वड-पिंपळासारखी झाडे भेगांत मूळ धरतात आणि वाहनांच्या धुराने नक्षीवर काजळीचा थर जमतो. अशा दगडावर सिमेंटचा गिलावा केल्यास ओल आतच कोंडून अधिक हानी होते. म्हणून दुरुस्तीसाठी चुन्याचा वापर करावा लागतो आणि त्यासाठी लागणारे कुशल कारागीर विरळ झाले आहेत. १८८० च्या सुमारास कलाशाळेच्या विद्यार्थ्यांजवळ जे कौशल्य होते, त्याचीच गरज दुरुस्तीच्या वेळी पुन्हा भासते.

दुसऱ्या प्रकारच्या अडचणी वापरातून उद्भवतात. दररोज लाखो प्रवासी या स्थानकातून ये-जा करतात. त्यांच्यासाठी तिकीटयंत्रे, फलक, पंखे, प्रकाशयोजना, विद्युत् तारा, सुरक्षा-तपासणी यंत्रे व उपाहारगृहे यांची सोय करावी लागते. कार्यालयांसाठी मूळ दालनांत मध्यभिंती घालणे किंवा खुले सज्जे बंद करणे हे प्रकार विसाव्या शतकात घडले. अशा प्रत्येक भरीमुळे थोडी सोय होते, पण वास्तूचे रूप झाकोळते. १९९० नंतरच्या दशकापासून रेल्वे प्रशासनाने वारसा-जतनाच्या तज्ञांचे साहाय्य घेऊन दगडांची सफाई, नंतरची बांधकामे काढून टाकणे व मूळ रूप पूर्ववत् करणे यांवर भर दिला आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी दिल्ली, अहमदाबाद व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या तीन स्थानकांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यासाठी एकूण सु. १०,००० कोटी रु. खर्च अपेक्षित होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो मार्गही या स्थानकाला जोडला गेला. वाढत्या वाहतुकीसाठी नव्या सोयी अपरिहार्य आहेत; परंतु नवे बांधकाम किती उंच असावे, ते जुन्या वास्तूपासून किती अंतरावर असावे आणि घुमटाचे रस्त्यावरून व फलाटांवरून होणारे दर्शन कसे अबाधित राहावे, हे प्रश्न त्याबरोबरच उपस्थित होतात. या बाबतीत १९२९ च्या विस्ताराचा अनुभव मार्गदर्शक ठरणारा आहे : त्या वेळी वाढलेली गरज जुन्या इमारतीवर न लादता तिच्या शेजारी भागविण्यात आली व म्हणूनच मूळ वास्तू शाबूत राहिली.

स्थानकाची गाड्यांची वाहतूक बंद करून त्याचे केवळ संग्रहालय केल्यास दगड कदाचित अधिक काळ टिकतील. परंतु जागतिक वारसा म्हणून ज्या गुणांसाठी त्याची निवड झाली, त्यांतील एक महत्त्वाचा गुण नाहीसा होईल. उलट, केवळ सोयीचा विचार करीत गेल्यास कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी व नामोल्लेख नसलेल्या पाथरवटांनी घडविलेली ही वास्तू हळूहळू भरींच्या थराखाली दडून जाईल. साम्राज्याच्या वैभवाचे प्रदर्शन म्हणून उभारलेली ही इमारत त्या साम्राज्याच्या अस्तानंतरही लोकजीवनात टिकून राहिली, ती तिच्या नित्य उपयोगामुळे व भारतीय हातांनी तिला दिलेल्या रूपामुळे. ही दोन्ही अंगे एकत्र राखणे हेच तिच्या जतनाचे मुख्य सूत्र होय.